किलोभर तांदूळ, दोन लिटरची बाटली आणि उधाणाचं पाणी

मी वसईच्या पाचूबंदरचा. जहाजांच्या इंजिनदुरुस्तीच्या कामासाठी चार वर्षं दक्षिण कोरियात इंचॉनला होतो. तिथल्या धर्मग्रामातल्या (चर्चच्या पॅरिशमधल्या) एका बाईंनी मला ज्या गटाचं हे परीक्षण आहे त्याच्याकडे नेलं. त्या स्वतः उत्तर कोरियातून पळून आलेल्या. गटाचं नाव देत नाही, त्यांचीच तशी इच्छा आहे. त्यांचं काम असं होतं: प्लास्टिकच्या बाटल्यांत तांदूळ भरायचा आणि इंचॉनच्या गांगह्वा बेटाजवळच्या सॉकमोदो बेटावरून समुद्रात सोडायचा. पलीकडचा किनारा उत्तर कोरियाचा. आपण बाटलीमागे पाच हजार वॉन द्यायचे आणि हवं तर भरायला, सोडायला सोबत जायचं. २०२४च्या एप्रिल-मेमध्ये मी तीनदा गेलो.

आधी वेळेबद्दल, कारण तिथे त्यांना पैकीच्या पैकी गुण. ते फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच जायचे, भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या दिवसांत नाही. आपल्याकडे पाच मीटरचं उधाण असलं की बंदरावर चर्चा होते. इंचॉनला पाणी आठ-नऊ मीटर चढतं-उतरतं. पलीकडे ओढ घेणारं पाणी नेमकं कधी सुटतं हे तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला मिनिटावर ठाऊक होतं. त्याने हात वर केला की सगळ्यांनी बाटल्या टाकायच्या. मी कोळ्याच्या घरात वाढलो, मला ते बघून विश्वास बसला.

महिनाही बरोबर निवडलेला. गेल्या हंगामाचं धान्य संपलेलं आणि जव अजून शेतात, अशा वसंतातल्या दिवसांना कोरियन लोक ‘बोरित्गोगे’ म्हणतात, म्हणजे जवाची चढण. माझी आजी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्यावरचे दिवस सांगायची, सुका बोंबील आणि पेज. पण तिच्या दारात शेजारी मदतीला यायचे. नव्वदच्या दशकातल्या उत्तर कोरियातल्या दुष्काळात सरकारी रेशन बंद पडलं, लाखो माणसं गेली, आणि घर सोडून दुसऱ्या गावात धान्य शोधायला जायलाही परवाना लागायचा.

तक्रार झाकणांची. बाटलीत किलोभरच तांदूळ असायचा, बाकी हवा, म्हणून ती तरंगायची. पण मी दहा बाटल्या घरी आणून रात्रभर बादलीत उलट्या दाबून ठेवल्या, तर दोनांत पाणी शिरलं होतं. भिजलेला तांदूळ दोन दिवसांत आंबतो. भुकेल्या माणसाने बाटली उघडावी आणि वास यावा, हे मला सहन होईना. मी त्यांना नळाला लावतात ती टेप आट्यांवर गुंडाळायला दाखवली. वाईट वाटून न घेता पुढच्या खेपेपासून त्यांनी ती लावली.

खरा वाद चिपचा. काही देणगीदार तांदळात बायबल भरलेली मेमरी चिप टाकायला सांगायचे. मी माझ्या बाटल्यांत टाकू दिली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ साली नोंदवलंय की तिथे गुपचूप धर्म पाळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला कैद, छळ, प्रसंगी मृत्यूही भोगावा लागतो. मग तांदूळ उचलणाऱ्या हातात तो पुरावा का द्यायचा? त्या बाई सांगतात, आई चुलीपुढे बसून पुटपुटायची, ती प्रार्थना होती हे त्यांना सोलला आल्यावर कळलं. आईने लेकीलाही सांगितलं नव्हतं. अशा घराला आपण शोधत गेलो तर ते घर संपेल. समुद्र कुणाला नाव विचारत नाही. तांदूळ ख्रिस्ती घरात गेला तर उत्तम, शेजारच्या घरात गेला तरी तिथेही पोरं उपाशीच आहेत.

प्योंगयांगला एकेकाळी ‘पूर्वेचं जेरुसलेम’ म्हणत. तिथले बिशप फ्रान्सिस हाँग योंग-हो यांना १९४९ साली पकडून नेलं, पुन्हा कुणी पाहिलं नाही. व्हॅटिकनच्या वार्षिकात २०१३पर्यंत त्यांचं नाव प्योंगयांगचे बिशप म्हणूनच येत राहिलं, ‘बेपत्ता’ अशा नोंदीसह. आज तिथे एकही रहिवासी कॅथलिक धर्मगुरू नाही. बाटली सोडताना मी दर वेळी त्यांचं नाव घेतलं. हे परीक्षणात बसत नसेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांचा राग मला पटतो. न गेलेल्या बाटल्या त्यांच्याच चिखलात परत यायच्या आणि उत्तरेने चिडून काही केलं तर पहिला मार त्यांनाच. गटाने दुसऱ्या दिवशी किनारा साफ करायला हवा होता. तीनपैकी एकदाच केला.

पाचपैकी चार. मात्र आज कुणी तिकीट काढून निघू नका. नोव्हेंबर २०२४मध्ये गांगह्वा धोक्याचा इलाखा जाहीर झाला, आणि जून २०२५मध्ये तिथे तांदूळ आणि बायबल असलेल्या हजाराहून जास्त बाटल्या सोडायला निघालेल्या सहा अमेरिकनांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. पुढे कधी परवानगी मिळून काम सुरू झालं तर चिप नको असं पैसे देतानाच सांगा, आणि टेप स्वतःच्या हाताने लावा, निदान चार वेढे.