जुन्या ‘कॉन्ट्रा’ची सर नाही

कोनामीचा १९८७ चा ‘कॉन्ट्रा’ हा धावत गोळ्या झाडायचा व्हिडिओ गेम मालवणात आम्ही कॅसेट फुंकून फुंकून खेळलो. त्याच धर्तीवरचा हा नवा गेम म्हणून हौसेने घेतला. चित्रं, संगीत छान. पण हात बसत नाही. कॉन्ट्रात हवेतही उडीची दिशा बदलता यायची. इथे एकदा उडी मारली की संपलं, शिवाय बटण दाबल्यावर ती उशिरा लागते. कॉन्ट्रातल्या ‘एस’ (स्प्रेड) बंदुकीच्या गोळ्या पंख्यासारख्या पसरायच्या, इथली नुसती चमकते. आणि कॉन्ट्रातली धबधब्याची लेव्हल! दोघं खेळताना एक घाईने वर चढला की स्क्रीन वर सरकायची आणि खाली राहिलेला मेलाच. त्यावरून दादाशी किती भांडणं! इथे दोघांनी खेळायची सोयच नाही. चतुर्थीला दादा मुंबईहून येईल, तेव्हा जुनाच लावणार. पूर्ण किमतीला घेऊ नका.