सेप्टिक टँक की दोन शोषखड्डे?

गावाकडे घर बांधताना शौचालयासाठी गवंडी सहसा सेप्टिक टँकच सुचवतो. पण जागा आणि जमीन साथ देत असेल, तर मी दोन शोषखड्ड्यांच्या बाजूने आहे.

टाकीत मैला पूर्ण कुजत नाही. गाळ तळाशी बसतो, साय वर तरंगते आणि मधलं पाणी घाणच बाहेर पडतं. ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात न्यावं लागतं. दर दोन-तीन वर्षांनी उपशाची गाडी बोलवायची. माणूस आत उतरवायचा नाही, म्हणजे नाहीच! आतल्या वायूने क्षणात जीव जाऊ शकतो, आणि २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यावर बंदीही आहे.

शोषखड्ड्यांचं काम सोपं. जाळीदार वीटकाम, तळ कच्चा, वायू बाहेर सोडणारा पाइप नको. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. एक खड्डा पाचेक वर्षांनी भरला की मैला खड्ड्यांकडे वळवणाऱ्या चेंबरचं झाकण उघडून त्याचं तोंड बंद करायचं, दुसऱ्याचं मोकळं करायचं. भरलेला खड्डा दोन वर्षं तसाच ठेवला, की आत काळसर, भुसभुशीत, बिनवासाचं सोनखत तयार होतं.

मात्र विहीर जवळ असेल किंवा पावसाळ्यात खड्ड्यात पाणी वर येत असेल, तर हे खड्डे नकोत. चिकट काळ्या मातीतही पाणी फार हळू जिरतं. तिथे टाकीच बांधा, पण तिचं पाणी कुठे मुरवायचं ते आधी ठरवा.