म्युझिकवर चालणाऱ्या ख्रिसमस लायटिंगचं सामान: कशावर पैसे घालावे आणि कशावर नाही

डॅलसच्या उत्तरेला आमच्या भागात ख्रिसमसला घराबाहेर गाण्यावर चालणारं लायटिंग करायचं वेड बऱ्यापैकी आहे, आणि ऑक्टोबर लागला की आपली मराठी मंडळी हमखास विचारतात, ताई नक्की काय काय घ्यायचं? म्हणून मी वापरते त्या सामानाचा हा रिव्ह्यू. आधीच सांगते, यात दिवे निवडणं सगळ्यात सोपं आहे. खरी डोकेदुखी असते पॉवर, वायर आणि कनेक्टरची, आणि लोक नेमके तिथेच पैसे वाचवायला जातात.

आधी थोडं मागचं. ओहायोमधल्या मेसन गावच्या कार्सन विल्यम्सच्या घराचा व्हिडिओ २००५ मध्ये सगळीकडे फिरला होता, बऱ्याच जणांनी तेव्हा बघितला असेल. त्यात १६,००० दिवे होते आणि लाइट-ओ-रामा या कंपनीच्या यंत्रांचे ८८ चॅनल, म्हणजे एकेका चॅनलवर दीडदोनशे दिवे, ते सगळे एकदम लागणार, एकदम विझणार नाहीतर एकदम मंद होणार. आता पिक्सेल आलेत. प्रत्येक बल्बमध्ये स्वतःची चिप, त्यामुळे एकाच माळेतला तिसरा लाल, चौथा हिरवा आणि पाचवा बंद असं सगळं करता येतं. आज नव्याने सुरू करणाऱ्याने सरळ पिक्सेलच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पिक्सेलमध्ये डब्ल्यूएस२८११ चिपवाले १२ मिलिमीटरचे बुलेट, म्हणजे गोळीच्या आकाराचे बल्ब, घ्या आणि ते १२ व्होल्टचे घ्या. ५ व्होल्टवाले कमी वीज खातात हे खरं आहे, पण माळ लांब झाली की व्होल्टेज पडतं आणि शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी पिवळट तांबूस दिसायला लागतात, मग दर ५० पिक्सेलला वेगळी पॉवर आणून जोडत बसा. १२ व्होल्टला ब्राइटनेस ३० टक्क्यांवर ठेवला तर १०० पर्यंत आरामात जाता येतं, आणि ३० टक्के कमी वाटत असेल तर रात्री रस्त्यावर उभं राहून बघा, डोळे दिपतात.

या माळांची एक खोड माहीत असू द्या. डेटा एका पिक्सेलकडून पुढच्याकडे जातो, त्यामुळे एक मेला की त्याच्या पुढची सगळी माळ अंधारात. दोष एकतर शेवटच्या पेटलेल्या पिक्सेलमध्ये असतो नाहीतर पहिल्या विझलेल्यामध्ये, बाकीचे तपासत बसू नका. हे दोन कापायचे, नवीन सोल्डर करायचे, वर ग्लू असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायची, झालं काम. एका विक्रेत्याकडून मी स्वस्तात पिक्सेल घेतले होते, त्यातल्या दोन माळांच्या वायरी सोलल्यावर आत तांब्याच्या जेमतेम चार तारा निघाल्या आणि बल्बच्या मागे भरलेला रबर नखाने सुटत होता, पहिल्याच पावसात अर्ध्या माळा गेल्या आणि परताव्याच्या मेलला उत्तरसुद्धा आलं नाही. नवीन दुकानातून घेताना आधी एकच माळ मागवा आणि वायरची जाडी हातात घेऊन बघा.

पॉवर सप्लायसाठी मीनवेल एलआरएस-३५०-१२, याला पूर्ण मार्क. १२ व्होल्ट, २९ अँपिअर. हिशोब असा की एक पिक्सेल पूर्ण पांढरा लागला तर साधारण ०.०६ अँपिअर खातो, म्हणजे ८०० पिक्सेलचं मेगाट्री (उभ्या खांबावरून माळा सोडून केलेलं मोठं झाड), १६ माळा गुणिले ५०, पूर्ण पांढरं केलं तर ४८ अँपिअर, एका सप्लायला झेपणारच नाही. तेच ३० टक्क्यांवर १५च्या आसपास येतं आणि एकच सप्लाय पुरतो. आणि हो, याच्या बाजूच्या जाळीतून आत डोकावलं की एक छोटासा स्विच दिसतो, ११५ आणि २३० चा. प्लग लावण्याआधी टॉर्च मारून तो बघा, इथे अमेरिकेत ११५ वर हवा. कोणी भारतात घेऊन जाणार असेल तर तिकडे २३० वर, ते विसरलात आणि ११५ वरच राहिला तर सप्लाय जळाला म्हणून समजा. पंखा सतत फिरत नाही, तापल्यावरच सुरू होतो, तो बंद दिसला म्हणून घाबरू नका.

कंट्रोलर, म्हणजे पिक्सेलना कधी काय करायचं ते सांगणारा बोर्ड, फाल्कनचा एफ१६व्ही४. स्वस्त नाहीये, पण मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक पोर्टला (माळ जोडायच्या जागेला) इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहे, कुठल्या पोर्टवर किती करंट जातोय ते ब्राउझरमध्ये दिसतं, आणि फ्यूज उडाला तर घरात बसून फोनवरून परत चालू करता येतो. डिसेंबरच्या थंडीत डबा उघडून बोटांनी फ्यूज बदलायची वेळ ज्याच्यावर आलीय त्याला याची किंमत कळेल. एका पोर्टवर किती पिक्सेल लावायचे याचंही गणित आहे, एका पिक्सेलचा डेटा जायला ३० मायक्रोसेकंद लागतात, सेकंदाला ४० फ्रेम हव्या असतील, म्हणजे दिव्यांचं चित्र ४० वेळा बदलायचं असेल, तर एका फ्रेमला २५ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ८०० च्या आसपास, त्यापुढे गेलात की फ्रेम कमी कराव्या लागतात. अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या झाडासाठी रिसीव्हर बोर्ड (कंट्रोलरचा सिग्नल लांबवर घेणारा) वापरतात, त्याला इंटरनेटचीच कॅट-५ केबल लागते पण त्यातून जातो तो नेटवर्कचा सिग्नल नाही, म्हणून ती चुकूनही राउटरमध्ये खुपसू नका.

कनेक्टर सगळे एकाच जातीचे घ्या, मी एक्सकनेक्ट घेते. दोन वेगळ्या प्रकारचे दिसायला सारखे असतात, अर्धवट आत जातात आणि मग पाणी शिरतं. पाणी शिरलं की जीएफसीआय (वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) ट्रिप, सगळं घर काळं आणि बाहेर गाड्यांमध्ये लहान मुलं वाट बघतायत. म्हणून या एका गोष्टीवर काटकसर नको म्हणजे नकोच.

सॉफ्टवेअर मात्र फुकट आहे आणि उत्तम आहे. एक्सलाइट्सवर सीक्वेन्स (गाण्यावर कुठला दिवा कधी लागणार याचा आराखडा) बनवायचा, फाल्कन प्लेअर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर टाकायचा, तोच गाणं वाजवतो, वेळापत्रक सांभाळतो, रात्री दहाला बंद करतो (शेजाऱ्यांशी गोडीगुलाबीने राहायचं तर दहा म्हणजे दहा). पायच्या हेडफोन जॅकचा आवाज खरखरतो आणि पाय ५ ला तर तो जॅकच नाही, त्यामुळे यूएसबी साउंड कार्ड जोडा, स्वस्तात मिळतं.

लोक गाडीत बसून रेडिओवर ऐकतात, त्यासाठी एफएम ट्रान्समीटर लागतो. इथे मी कळकळीने सांगते, ऑनलाइन मिळणारे मोठ्या अँटेनाचे, मैलभर जाणारे घेऊ नका. एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या पार्ट १५ च्या नियमात विनापरवाना एफएमची मर्यादा ३ मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे, म्हणजे सिग्नल ढोबळमानाने २०० फुटांपर्यंत. रस्त्यावर थांबलेल्या गाडीला तेवढं भरपूर होतं. मैलभर पाठवून गर्दीच वाढते, मेसनच्या त्या घराचा शोसुद्धा शेवटी जवळच गाड्यांचा अपघात झाल्यावर बंद करावा लागला होता.

आमच्याकडे हे सगळं दिवाळीच्या आधीच लागतं आणि जानेवारीपर्यंत राहतं. ख्रिसमसच्या गाण्यांचे तयार सीक्वेन्स विकत मिळतात, दिवाळीला मराठी गाणं लावायचं तर स्वतः बनवायला लागतं. ठेका पकडायला एक्सलाइट्स मदत करतं, पण दिव्यांच्या गाणाऱ्या चेहऱ्यांचे ओठ हलवायचे तर त्याची डिक्शनरी इंग्रजी आहे, 'ळ' आणि 'ण' तिला समजत नाहीत, प्रत्येक शब्दाचे ओठ हाताने बसवावे लागतात. एका कडव्याला अख्खी संध्याकाळ जाते. कोणी असे मराठी शब्द आधीच बसवून ठेवले असतील तर मला नक्की पाठवा, माझ्याकडचे मी आनंदाने देईन.