फक्त टीएसएच की संपूर्ण थायरॉइड प्रोफाइल?

सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये सकाळी सातला आईच्या हातातल्या चिठ्ठीवर फक्त ‘टीएसएच’ (थायरॉइडला चालना देणारे, पीयूष ग्रंथीतले संप्रेरक) लिहिलेले होते. काउंटरवर मात्र संपूर्ण प्रोफाइल, म्हणजे टीएसएचसोबत टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची संप्रेरकेही, सुचवले गेले. थायरॉक्सिन (म्हणजेच टी-४) किंचित घटले, तरी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी टीएसएच कितीतरी पटींनी वाढवते, त्यामुळे थकवा, वजनवाढ अशा तक्रारींच्या पहिल्या तपासणीसाठी, तसेच थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी, एकटे टीएसएच बहुधा पुरते. हायपोथायरॉइडमध्ये (थायरॉइड कमी काम करत असताना) टी-३ बराच काळ नॉर्मल राहत असल्याने त्यासाठी वेगळे पैसे मोजणे मला पटत नाही. मात्र पीयूष ग्रंथीतच बिघाड असेल, तर टीएसएच नॉर्मल दिसूनही थायरॉक्सिन कमी असू शकते. तिथे फ्री टी-४ (रक्तातले मोकळे थायरॉक्सिन) करायलाच हवे. टीएसएच फार कमी आल्यास, म्हणजे थायरॉइड जास्त काम करत असल्याची शंका असल्यास, टी-३ही पाहावे लागते.