सकाळी डिस्कचं कुलूप कोण उघडणार? पासवर्ड, पेनड्राइव्ह, टीपीएम आणि टँग

सकाळी पावणेदहाला कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसातून फोन आला. ऑफिस उघडणारा पोरगा होता. "दादा, सर्व्हर उठंना झालाय. काळ्या पडद्यावर एकच ओळ आलीया, आणि टाईप केलेलं काय दिसतबी न्हाई." रात्री वीज गेलेली, यूपीएसनं तासभर तग धरला, पहाटे वीज आल्यावर सर्व्हर आपोआप चालू झाला आणि डिस्कचा पासवर्ड मागत थांबला. पासवर्ड फक्त साहेबांना ठाऊक. साहेब गगनबावड्याच्या घाटात, रेंज नाही. सहा जणांचं ऑफिस साडेअकरापर्यंत रिकामं बसलं.

बिघाड कशातच नव्हता. डिस्क एनक्रिप्ट करायचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी करून ठेवायचा, निर्णयही बरोबरच होता, कारण तिच्यावर शेकडो लोकांचे पॅन, बँक खाती आणि मिळकतीचे कागद आहेत. रोज ते कुलूप कुणी उघडायचं, एवढं ठरवायचं राहून गेलं होतं. गुजरीतली सराफी दुकानं, राजारामपुरीतले दवाखाने, उद्यमनगरातली वर्कशॉप यांची मशीन सांभाळताना मी आता पद्धत सुचवण्याआधी दोन प्रश्न विचारतो. वीज परत येते तेव्हा मशीनपाशी कोण असतं? आणि उद्या कुणाच्या हाती पडलीच, तर नुसती डिस्क पडेल की अख्खं मशीन? पुढची सगळी तुलना या दोन प्रश्नांवरच उभी आहे.

आधी थोडं आतलं. लिनक्सवर डिस्क लक्स पद्धतीनं एनक्रिप्ट होते. डेटा ज्या मुख्य किल्लीनं कुलूपबंद होतो ती डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे हेडरमध्येच असते, पण तीही बंद करून ठेवलेली. तिच्यापर्यंत पोचायच्या वाटा म्हणजे स्लॉट. जुन्या लक्स१ मध्ये असे ८ स्लॉट होते, लक्स२ मध्ये ३२ आहेत. एका स्लॉटमध्ये पासवर्ड, दुसऱ्यात पेनड्राइव्हवरची की-फाईल (किल्लीचं काम करणारी फाईल), तिसऱ्यात टीपीएम (मशीनमधली किल्ली राखणारी चिप) असं एकाच डिस्कवर बिनदिक्कत नांदतं. त्यामुळे एक निवडला म्हणून बाकीचे सोडावे लागत नाहीत. रोजचा दरवाजा कोणता आणि अडचणीचा कोणता, एवढंच ठरवायचं. मशीन चालू होताना बूटलोडर (सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि इनिट्रॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती व्यवस्था मेमरीत आणतो. हा भाग बहुतेक ठिकाणी एनक्रिप्ट नसलेल्या बूट विभागात असतो. किल्ली मागते ती ही व्यवस्था.

हातानं टाकायचा पासवर्ड

चोरीचा विचार केला तर अजूनही हाच सगळ्यात भक्कम. मशीन बंद असताना उचलून नेलं तर किल्ली त्यात कुठेच नसते, ती माणसाच्या डोक्यात असते. लक्स२ मध्ये पासवर्ड तपासायला मुद्दाम साधारण दोन सेकंद लागतील अशी गणितं ठेवलेली असतात, वर आर्गॉन२ ही पद्धत भरपूर मेमरीही खाते. त्यामुळे लांब पासवर्डावर लाखो अंदाज चालवून बघणं फार महाग पडतं.

अडचण माणसाची आहे. माणूस हजर हवा, आणि त्याला नीट टाईप करता यायला हवं. सुरुवातीच्या त्या काळ्या पडद्यावर कीबोर्ड तुमच्या नेहमीच्या मांडणीत असेलच असं नाही, अनेकदा तो साध्या अमेरिकन मांडणीत असतो, आणि उजवीकडचे आकडे नम लॉक बंद असल्यानं उठत नाहीत. म्हणून मी पासवर्डात रुपयाचं चिन्ह वगैरे घालू देत नाही. इंग्रजी लहान अक्षरांतले, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द, मध्ये रेघ. आकडा हवाच असेल तर वरच्या ओळीतला.

दोन माणसांना एकच पासवर्ड कधीही देऊ नका. प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड, स्वतःचा स्लॉट. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा स्लॉट पुसायचा, बाकीच्यांचे पासवर्ड जसेच्या तसे राहतात. मात्र त्यानं आधी हेडरची प्रत काढून ठेवली असेल, तर त्या प्रतीवर त्याचा जुना पासवर्ड चालतोच. मनात तशी शंका असेल तर पूर्ण डिस्क नव्या मुख्य किल्लीनं पुन्हा एनक्रिप्ट करा.

माणूस हजर नसेल तर लांबूनही पासवर्ड टाकता येतो. इनिट्रॅमएफएसमध्ये ड्रॉपबेअर हा छोटासा एसएसएच सर्व्हर (लांबून मशीनमध्ये शिरायची सोय) बसवायचा, मशीनला ठरलेला आयपी द्यायचा आणि तारेनं जोडलेलं नेटवर्क ठेवायचं. वायफायच्या भरवशावर हे करू नका. हा सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा न ठेवता व्हीपीएनच्या, म्हणजे खाजगी सुरक्षित नेटवर्कच्या, आत ठेवा. घाटात रेंज नसेल तर अर्थातच याचाही उपयोग नाही.

पेनड्राइव्हवरची की-फाईल

ऐकायला सगळ्यांना आवडतं. मी दुकानांना हे सुचवत नाही. पहिले आठ दिवस पेनड्राइव्ह मालकाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो, नंतर तो सीपीयूला मागच्या बाजूनं कायमचा लागलेला दिसतो. मग चोर दोन्ही एकदमच नेतो. शिवाय पेनड्राइव्ह मरतात, आणि मरताना आधी सांगत नाहीत. हातात धरायचंच काही हवं असेल तर फिडो२ ची किल्ली (यूएसबीत लावायचं छोटं सुरक्षा उपकरण) घ्या. तिच्यातून फाईल कॉपी करता येत नाही, आणि बोट लावल्याशिवाय किंवा पिन दिल्याशिवाय ती काम करत नाही, तशी नोंदणी करता येते.

टीपीएम

बहुतेकांच्या मनात हाच पर्याय असतो, कारण यात कुणी काही करायचं नसतं. मशीन चालू केलं की थेट लॉगिनचा पडदा. टीपीएम ही मदरबोर्डावरची वेगळी चिप असते किंवा प्रोसेसरच्या आतच असते. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ नं टीपीएम २.० सक्तीचं केलं, त्यामुळे अलीकडच्या जवळपास सगळ्या मशीनमध्ये ती आहे. मशीन चालू होताना फर्मवेअर (मदरबोर्डावरचा मूळ प्रोग्राम), सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) याची स्थिती, बूटलोडर यांची मोजमापं टीपीएममधल्या पीसीआर नावाच्या कप्प्यांत जमा होतात. किल्ली देताना टीपीएम बघतं की बांधून दिलेली मापं आजही तीच आहेत का. तीच असली तर किल्ली देतं, नसली तर गप्प बसतं.

लिनक्सवर सिस्टमडीच्या (बाकीच्या सेवा चालू करणारा मुख्य प्रोग्राम) २४८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, याची सरळ सोय आहे. उबुंटू लिनक्सच्या २२.०४ आणि २४.०४ वर मुख्य डिस्कसाठी नेहमीच्या इनिट्रॅमएफएसला ती उमगत नाही, तिथे मी क्लेविस हा कुलूप आपोआप उघडून देणारा प्रोग्राम वापरतो. बांधायचं ते कप्पा ७ ला, म्हणजे सिक्युअर बूटच्या स्थितीला. हौसेनं कप्पा ० पण जोडला, तर फर्मवेअरचं पुढचं अपडेट झाल्या दिवशी मशीन पासवर्ड मागत उभं राहतं.

यातली खरी मेख समजून घ्या. फक्त कप्पा ७ ला बांधलेली आणि पिन नसलेली किल्ली नुसती डिस्क कुणाच्या हाती लागली तर पूर्ण राखण करते. डिस्क वॉरंटीत बदलून मागवली, भंगारात गेली, कुणी काढून नेली, तर तिच्यावर कचऱ्याशिवाय काही दिसणार नाही. पण अख्खं मशीन गेलं, तर ते चोराच्या घरीही तुमच्या ऑफिसाइतकंच निमूट उघडतं आणि लॉगिनच्या पडद्यापाशी थांबतं. जाणकार माणूस त्याच कंपनीनं सही केलेलं दुसरं लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून किंवा उघड्या बूट विभागातला इनिट्रॅमएफएस बदलून किल्ली काढू शकतो, कारण कप्पा ७ ला त्यातलं काही वेगळं वाटत नाही. वेगळी चिप असलेल्या काही मशीनवर तर चिप आणि प्रोसेसरमधल्या तारांवरून जाताना किल्ली टिपून दाखवलेली आहे.

यावर इलाज पिन. विंडोज प्रोवर बिटलॉकरला (विंडोजचं डिस्क एनक्रिप्शन) ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगमधून टीपीएम अधिक पिन करता येतं, लिनक्सवर सिस्टमडीच्या २५१ पासून. चुकीचे अंदाज वाढले की टीपीएम स्वतःच कुलूप लावून घेतं, म्हणून इथे सहा-आठ आकड्यांचा पिनही पुरतो. लॅपटॉपसाठी माझ्या मते याहून चांगलं काही नाही. माणूस समोर असतोच, आणि लांबलचक वाक्य रोज बडवावं लागत नाही.

आता पुराची गोष्ट, कारण कोल्हापुरात ती धरूनच ठरवावं लागतं. जुलै २०२१. २०१९ चा महापूर बघितलेला होता, म्हणून पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चालली तसं लोकांनी सामान वर चढवलं. माझ्या एका ग्राहकानं सीपीयू जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला. पाणी टेबलाच्या वर गेलं. ओसरल्यावर मशीन उघडलं तर मदरबोर्डावर चिखलाचा बोटभर थर. एसएसडी मात्र धुऊन, वाळवून दुसऱ्या मशीनला लावली आणि ती चालली. मला केवढा आनंद झाला होता. मग बिटलॉकरचा निळा पडदा आला आणि त्यानं ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली.

किल्ली मेलेल्या मदरबोर्डावरच्या टीपीएममध्ये. रिकव्हरी की छापलेला कागद त्याच टेबलाच्या खणात, त्याचा लगदा झालेला. दुसरी प्रत मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती, पण ते खातं मशीन विकणाऱ्यानं स्वतःच्या ईमेलवर काढून दिलेलं, आणि त्यानं धंदा बंद केलेला. अकरा दिवसांनी तो माणूस सापडला, खातं उघडलं, आकडे मिळाले, डेटा वाचला. ते अकरा दिवस त्या कुटुंबानं कसे काढले ते मी जवळून पाहिलंय. म्हणून टीपीएम लावताना माझी एकच अट असते. दुसरा दरवाजा कागदावर हवा, आणि तो कागद दुसऱ्या इमारतीत हवा. दुसरा खण चालत नाही.

टँग

हा पर्याय इथे फार कमी लोकांना माहीत आहे आणि छोट्या ऑफिसच्या सर्व्हरला मला तोच सगळ्यात जास्त पटतो. ऑफिसच्या नेटवर्कवर दुसरीकडे एक छोटं मशीन ठेवायचं, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणकसुद्धा चालतो, त्यावर टँग हा छोटा प्रोग्राम. सर्व्हर चालू होताना त्यातला क्लेविस टँगला हाक मारतो, उत्तर आलं की डिस्क उघडते. टँगकडे डिस्कची किल्ली नसतेच, तो गणिताचा अर्धा भाग तेवढा सोडवून देतो. सर्व्हर चोरून नेला तर दुसरीकडे टँग नाही, डिस्क बंद. वीज आली तर माणसावाचून सगळं चालू.

पथ्यं थोडी आहेत. टँगचं मशीन सर्व्हरच्या शेजारी ठेवलं तर पेनड्राइव्हसारखीच गत होते. ते वेगळ्या मजल्यावर, दिसणार नाही असं ठेवा. त्याच्या किल्ल्यांची प्रत काढून ठेवा, कारण एसडी कार्डाचा भरवसा नाही. सर्व्हरचं कनेक्शन तारेचं ठेवा. आणि पुरात सर्व्हर उचलून जवाहरनगरातल्या पाहुण्यांच्या घरी नेलात, तर तिथे टँग नसणार. तिथेही हातानं टाकायचा पासवर्डच कामी येतो.

दुसरी डिस्क

बऱ्याच ठिकाणी मुख्य डिस्क छोटी आणि डेटाची वेगळी मोठी डिस्क असते. तिच्यासाठी पुन्हा पासवर्ड विचारायला लावू नका. तिची की-फाईल एनक्रिप्ट केलेल्या मुख्य डिस्कवरच ठेवायची, फक्त रूटला (मशीनच्या मुख्य वापरकर्त्याला) वाचता येईल अशी, आणि उघडायच्या डिस्कची यादी असलेल्या क्रिप्टटॅब फाईलमध्ये तिची ओळ लिहायची. मुख्य डिस्क उघडली की ही मागोमाग उघडते. त्या ओळीत आणि एफएसटॅबमध्येही (जोडायच्या डिस्कची यादी) नोफेल, म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा, असं लिहायला विसरू नका. नाहीतर एखाद्या दिवशी डेटाची डिस्क सापडली नाही, की मशीन दीड मिनिट वाट बघून दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन बसतं. मुख्य डिस्क मात्र उघडी आणि तिच्यावर की-फाईल, असं करून ठेवलेली मशीन मी पाहिली आहेत. ते कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवण्यासारखं आहे.

मग कुणी काय घ्यावं? फिरतीच्या लॅपटॉपला टीपीएम आणि पिन. दवाखान्यातल्या स्वागतकक्षातल्या मशीनला, जिथे सकाळी सिस्टर येऊन मशीन चालू करतात आणि मुख्य डेटा सर्व्हरवर असतो, पिन नसलेलं टीपीएम पुरे. सराफाच्या हिशेबाच्या मशीनला पासवर्ड किंवा टीपीएम अधिक पिन, कारण तिथे अख्खं मशीन जायची भीती खरी आहे आणि दुकान मालकच उघडतो. रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरला टँग. उद्यमनगरातल्या ज्या वर्कशॉपात ग्राहकाची ड्रॉइंग असतात पण वेगळं मशीन ठेवायला जागाही नाही आणि बघायला माणूसही नाही, तिथे ड्रॉपबेअर लावून मी स्वतः पासवर्ड टाकतो.

कुठलीही पद्धत घेतली तरी लक्सच्या हेडरची प्रत काढा. लक्स२ मध्ये ती साधारण १६ एमबीची असते. डिस्कचा तेवढाच भाग खराब झाला तरी बरोबर पासवर्ड असूनही डेटा परत मिळत नाही. प्रत त्याच डिस्कवर ठेवू नका, पासवर्डाच्या कागदाबरोबरही ठेवू नका.

शाहूपुरीच्या त्या ऑफिसात आता टँग आहे, दुसऱ्या मजल्यावर घरमालकांच्या माळ्यावर. साहेबांचा एक पासवर्ड, त्यांच्या पत्नीचा दुसरा, आणि तिसरा बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये. दर सहा महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी नेटवर्कची तार काढून आम्ही सर्व्हर बंद करतो आणि पाकिटातला पासवर्ड वापरून चालू करून बघतो. टाईप करायला मी त्याच पोराला बसवतो. झाल्यावर तो पासवर्ड बदलून नवं पाकीट करतो. पहिल्या वेळी त्याला तीनदा टाकावा लागला, शब्दांमधली रेघ तो स्पेस समजून सोडत होता. नव्या पाकिटात पासवर्डाखाली रेघेच्या बटणाचं चित्र काढून दिलंय.