चिवो वॉलेट: आयडिया चांगली, भरवसा नाही

मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हाडोर देशाच्या सरकारी बिटकॉइन (एक डिजिटल चलन) अ‍ॅपला माझ्याकडून ५ पैकी २ स्टार, तेही आयडियासाठी. ७ सप्टेंबर २०२१ ला बिटकॉइन तिथं डॉलरच्या जोडीला कायदेशीर चलन झालं तेव्हाच हे अ‍ॅप आलं, साइन अप केलं की ३० डॉलरचे बिटकॉइन फुकट, आणि पहिल्याच दिवशी एवढा लोड आला की सर्व्हर वाढवायला अ‍ॅप काही वेळ बंद ठेवावं लागलं.

बाहेरदेशी राबणाऱ्यांनी पाठवलेल्या पैशावर तिथली कित्येक घरं चालतात, ते पैसे पाठवायचं कमिशन वाचलं असतं तर मला मनापासून आनंद झाला असता. पण बहुतेकांनी बोनस वापरला नि अ‍ॅप उघडायचंच सोडलं. साहजिकय, बिटकॉइनचा भाव सारखा वरखाली होतो, हातावर पोट असणाऱ्याला आज १० चे उद्या ८ झालेले कसे परवडणार?

मला जास्त खटकतं ते राजकारण. राष्ट्राध्यक्ष बुकेलेंच्या पक्षानं संसदेत कायदा काही तासांत पास केला, नीट चर्चाच नाही, दुकानदारांवर बिटकॉइन घ्यायची सक्ती, वर वॉलेटपण सरकारचंच, म्हणजे कोण कुठं खर्च करतंय ते सत्तेला दिसू शकतं, हे मला फार धोक्याचं वाटतं. पुढं आयएमएफचं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं) १.४ अब्ज डॉलरचं कर्ज हवं होतं, मग त्यांच्या अटीखातर जानेवारी २०२५ मध्ये सक्ती काढली. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकानंपण २०२२ मध्ये बिटकॉइन कायदेशीर चलन केलं आणि वर्षभरात माघार घेतली.

तिकडं जाणार असाल तर खिशात डॉलरच ठेवा.