ओटीपी दिला म्हणजे वस्तू मिळाली असं होत नाही

माझ्या सासूबाईंचा जुना फोन बंद पडला. आम्ही त्यांना आईच म्हणतो. माझी लेक शिकायला बेंगळुरूला आहे आणि रोज संध्याकाळी तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलल्याशिवाय आईंना जेवण जात नाही. पेन्शनमधून बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी माझ्या हातात दिले आणि मी ऑनलाइन १६,४९९ रुपयांचा फोन मागवला. पैसे यूपीआयने आधीच भरले.

पार्सल आलं तेव्हा मी शाळेत होते. आईंनी कुरियरच्या मुलाला माझ्याकडून फोनवर घेतलेला ओटीपी सांगितला, खोकं घेतलं आणि देव्हाऱ्यापाशी ठेवलं. संध्याकाळी उघडलं तर आत कंपनीचा डबा, डब्यात पुठ्ठ्याचा खण आणि चार्जिंगची केबल. फोनची जागा रिकामी. आई दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मीच घेतलं गं ते. मला उघडून बघायला हवं होतं." त्यांचा काडीमात्र दोष नव्हता, तरी पुढचे तीन आठवडे त्या हेच बोलत राहिल्या. फसवणाऱ्यांनी पैसे नेले त्याहून मला याचा जास्त राग आहे.

मी त्याच रात्री ॲपवर फोटो टाकून तक्रार केली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: आमच्या तपासणीनुसार पार्सल सुस्थितीत पोचलं, ओटीपी दिला गेला आहे, तक्रार बंद. परत विचारलं तर तेच वाक्य पुन्हा आलं.

त्या रात्री आमच्याकडून दुसरी चूक झाली, आणि ती पहिल्या फसवणुकीपेक्षा वाईट होती. माझ्या नवऱ्याने वैतागून इंटरनेटवर त्या विक्री ॲपच्या कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला. पहिलाच नंबर लावला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलला. ऑर्डरचा क्रमांक विचारला, झाल्या प्रकाराची माफी मागितली, "सर, रिफंड लगेच करून देतो" म्हणाला. एक ॲप डाऊनलोड करायला लावलं. त्यामुळे आमचा स्क्रीन त्याला दिसू लागला. मग यूपीआयवर आलेली विनंती मंजूर करून पिन टाकायला सांगितलं. यांनी टाकला आणि खात्यातून ९,५०० रुपये गेले. दुसऱ्यांदा पिन मागितला तेव्हा मी फोन हिसकावून बंद केला.

पैसे मिळवायला पिन कधीच टाकावा लागत नाही. अशी विनंती मंजूर करून पिन टाकला की पैसे जातातच. हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं, पण चिडलेल्या माणसाला आठवत नाही, आणि ते लोक नेमके अशा वेळीच गाठतात.

लगेच १९३० वर फोन केला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी मदत क्रमांक आहे. यात मिनिटं मोजायची असतात, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकवायच्या आत बँकेला अडवता आले तरच काही हाती लागतं. व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ सांगितली, बँकेला कळवलं, ते ॲप काढून टाकलं, पिन बदलला. नंतर कळलं की ९,५०० पैकी ६,००० रुपये एका खात्यात गोठवले गेले. बाकीचे तोवर काढून झाले होते.

फोनचं प्रकरण मात्र सुटलं, आणि ते वजनामुळे सुटलं. शाळेतल्या एका सहकाऱ्यांनी विचारलं, "बाई, खोक्यावरच्या लेबलवर वजन काय लिहिलंय?" लेबल नीट पाहिलं तर त्यावर ०.४६० किलो छापलेलं. मी खोकं, डबा, केबल, आतला कागद सगळं जसंच्या तसं पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. शेठजींनी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं: २४५ ग्रॅम. काट्यावरचा आकडा आणि लेबल एकाच फोटोत येईल असा फोटो काढला. मग खालच्या बाजूची चिकटपट्टी निरखली. कंपनीचं नाव छापलेल्या पट्टीवर एका कडेला साधी पारदर्शक पट्टी पुन्हा लावलेली होती. हे खोकं मी रद्दीत टाकलं असतं तर हातात काहीच उरलं नसतं.

फोन कुठे काढला गेला, कुणी काढला, ते मला आजही माहीत नाही आणि त्या कुरियरच्या मुलावर मी आळ घेणार नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की ओटीपी हा खोकं मिळाल्याचा पुरावा आहे, आत काय होतं याचा नाही. २१५ ग्रॅम कमी भरले ते कुठे गेले, हे ज्यांनी पैसे घेतले त्यांनी सांगायचं. कुरियरचं भाडं वजनावर ठरतं, त्यामुळे पार्सल वाटेत तोललं जातं. त्या नोंदी तपासा, असं मी लिहून मागितलं.

हे सगळं मी ॲपवरच्या चॅटमध्ये न लिहिता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव व संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात ते नाव सापडलं. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन करून तिथेही तक्रार नोंदवली आणि तो क्रमांक ईमेलमध्ये कळवला. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असते तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहार उलटवून पैसे परत, हेही मागता आलं असतं.

एवढ्यावर भागलं नसतं तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. आम्ही कऱ्हाडला राहतो, विक्रेता दिल्लीचा; पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे माझ्यासाठी साताऱ्याला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. मी हे ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं.

चोविसाव्या दिवशी १६,४९९ रुपये खात्यात परत आले. कारण काही कळवलं नाही. आईंना मी मेसेज वाचून दाखवला तर त्यांनी तो दोनदा वाचायला लावला. नंतर आम्ही बाजारातल्या दुकानातून फोन घेतला. दुकानदाराने सील त्यांच्याच हाताने फोडायला दिलं.

आता काहीही मागवलं की मी कुरियरच्या माणसासमोरच चिकटपट्टीच्या कडा आणि वजन बघते, आणि खोकं फोडताना लेबलपासून शेवटपर्यंत न थांबता व्हिडिओ काढते. 'ओपन बॉक्स' डिलिव्हरी, म्हणजे खोकं समोर उघडून दाखवणारी, मिळत असेल तर तीच घेते, आणि वस्तू पाहिल्यावरच ओटीपी देते. आईंनाही हेच सांगितलंय: मी घरी नसले तर पार्सल परत जाऊ दे.

गोठवलेले ६,००० रुपये अजून मिळालेले नाहीत. परवा यांनी तोच शोध पुन्हा घेऊन पाहिला. आम्ही तक्रार केलेला नंबर तिथून गेला आहे, पण त्याच कंपनीच्या नावाखाली त्या जागी दुसरा मोबाइल नंबर दिसतो आहे.